कोकणाच्या वाट्याला स्वतःचं हिट गाण्यांचं रेडिओ स्टेशन का आलं नाही?

सड्यावरचा

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. तेव्हापासून मित्रमंडळीत या विषयावर वाद घालतोय, आता इथे मांडतो. दिवसभर लोकांच्या आवडीची गाणी लावणारं आणि कोकणातून बोलणारं एक तरी स्टेशन या किनाऱ्याला फार पूर्वीच मिळायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. ऐकणारे इथे कायम होते. पण परवाने देणारे नियम शहरं मोजतात, आणि कोकण वाड्यांमध्ये राहतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं नुसती तक्रार वाटेल. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोत्यांनी सुई फिरवली ती थेट रेडिओ सिलोनवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमीन सायानींची गीतमाला तिथून सुरू झाली. म्हणजे आपल्याच देशातली, मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली गाणी आपल्याला समुद्रापलीकडून, लघुलहरींवरून, खरखरीसकट ऐकावी लागली. सरकारला शहाणपण सुचायला पाच वर्षं गेली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. लोकांना आवडतं ते ऐकवणं हे सार्वजनिक रेडिओचं कामच आहे, ही सरकारनं त्या दिवशी दिलेली कबुली होती असं मी मानतो.

पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. कुठे? मुंबई, पुणे, नागपूर. रत्नागिरीला आकाशवाणी केंद्रच मुळी १९७७ मध्ये आलं. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खासगी एफएम वाजलं, त्यानंतर लिलावाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत महाराष्ट्रातली शहरं एकेक करून आत आली. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाचा मुख्य निकष होता एक लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येचं शहर. अपवाद फक्त सीमाभागातल्या काही गावांचा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर सुमारे ७६ हजारांचं. चिपळूण त्याहून लहान, सावंतवाडी तर कितीतरी लहान. पण रत्नागिरी जिल्हा १६ लाखांच्या वर आणि सिंधुदुर्ग साडेआठ लाखांच्या आसपास. चोवीस लाखांहून जास्त माणसं, आणि कागदावर एकही पात्र शहर नाही!

आम्ही एकगठ्ठा राहत नाही, एवढाच आमचा गुन्हा. घर खाडीच्या अलीकडे, शेजारी पलीकडे, मधे डोंगर. अशा वस्तीला रेडिओची गरज शहरापेक्षा जास्त असते. म्हणून माझी मागणी अशी की परवान्यासाठी शहराऐवजी जिल्हा हे एकक धरावं आणि कोकणाला हिंदी-मराठी हिट गाण्यांचं, मालवणी आणि संगमेश्वरी बोलीत गप्पा मारणारं स्टेशन मिळावं.

विरोधी मतं जरूर लिहा.

खाडीपलीकडे

धागा चांगला आहे. इतिहास बरोबर, निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

सड्यावरचे, तुम्ही हिट गाण्यांच्या स्टेशनला कोकणचं म्हणताय, पण ते कोकणचं राहणार कसं? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुढे पाठवायची मुभा मिळाली. तेव्हा उरतात गाणी आणि गप्पा. त्याच धोरणानं कंपन्यांना आपल्या देशभरातल्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम वाजवायची परवानगी दिली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. रत्नागिरीत एक खोली, एक संगणक, एक जाहिरात विक्री करणारा माणूस, आणि आवाज मुंबईचा किंवा पुण्याचा. मध्येच "नमस्कार कोकण" म्हटलं की झालं स्थानिक?

याउलट आकाशवाणी रत्नागिरीनं जाखडी, नमन, भारूड, दशावतार या लोककलांना मायक्रोफोन दिला. गावातला ढोलकीवाला केंद्रावर जाऊन ध्वनिमुद्रण करून आला की वाडीत त्याची किंमत वाढायची. आंब्यावरचा तुडतुडा, भातावरचा करपा, हवामान, बाजारभाव हे सगळं त्याच केंद्रावरून. हिट गाण्यांना फोन पुरे आहे. करपा पडलाय हे फोनवरचं गाणं सांगणार नाही.

बंदररोड

माका ह्या एफेमचा काय पटणा नाय. आमका समुद्रात काय होया ता आधी बघा. वारो खयचो, पाणी कसा, बंदरार बावटो लावलो काय नाय, ता सांगणारो रेडिओ होया. होडी भायर गेली काय फोनाची रेंज जाता. जुनो रेडिओ मात्र बोलता. फयान वादळ इला तेवा (नोव्हेंबर २००९) जे भायर होते तेंच्या घरच्यांका इचारा, एक खबर टायमार मिळण्याची किंमत काय ती.

गाणी लावा, माझो इरोध नाय. पण गाण्याच्या मदी माणूस बोलाक होयो, मशीन नको.

सड्यावरचा

बंदररोड, तुमचं शंभर टक्के मान्य. माणूस बोललाच पाहिजे. पण माणूस बोललेला ऐकायला आधी रेडिओ चालू असावा लागतो, आणि तो चालू राहतो गाण्यांमुळे. दिवसभर कोणी नुसतं हवामान ऐकत बसत नाही. आवडीचं गाणं लागलेलं असतं म्हणून मधली इशाऱ्याची ओळ कानावर पडते.

खाडीपलीकडे, तुमच्या भीतीचं उत्तर परवान्याच्या अटींत आहे. स्थानिक निवेदन अमुक तास सक्तीचं करा. अट घालता येते म्हणूनच लिलाव सरकार करतं ना?

जुना_तंत्रज्ञ

प्रसारणाच्या तांत्रिक बाजूला आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गाणी की लोककला हा वाद तुम्ही घाला, पण लहरी कुठवर जातात ते आधी समजून घ्या, नाहीतर परवाना मिळूनही निम्मं कोकण मुकंच राहील.

रत्नागिरीचं मध्यमलहरी प्रक्षेपण ११४३ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे २६२ मीटर. ट्रान्समीटर २० किलोवॅटचा. मध्यमलहरी जमिनीला धरून चालते आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब जाते, कारण समुद्राचं पाणी उत्तम वाहक आहे. बंदररोड म्हणतात तो जुना रेडिओ होडीवर बोलतो त्याचं कारण हे. सह्याद्रीच्या उतरणीवरच्या गावातही ती वळसे घेत पोचते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरची केंद्रं मध्ये घुसतात, मग खरखर वाढते, आवाज वर-खाली होतो. गाण्यासाठी ही लहर कधीच चांगली नव्हती. बासरी ऐकायला बसावं आणि शिट्टी ऐकू यावी, असं व्हायचं.

एफएमचं उलट. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर सपाट प्रदेशात साधारण ४० किलोमीटरपर्यंत रेडिओचं क्षितिज मिळतं. पण आपल्याकडे सपाट काय आहे? वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, सगळ्या नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरतात आणि दर खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना डोंगराची सोंड. रत्नागिरीच्या सड्यावरून, म्हणजे उंच कातळमाळावरून, येणारा एफएम संगमेश्वरच्या एका वाडीत खणखणीत आणि पुढच्या वळणावर गायब. महाराष्ट्राची किनारपट्टी जुन्या मोजणीनुसारही ७२० किलोमीटर लांब आहे. ती एफएमनं झाकायची तर एक मोठा मनोरा कामाचा नाही, उंचावरची बरीच लहान केंद्रं लागतील. प्रत्येकाला वीज, रस्ता, जनरेटर आणि पावसाळ्यात तिथे चढणारा माणूस. मुंबईत एका मनोऱ्यावरून कोट्यवधी लोकांपर्यंत जाणाऱ्या कंपनीला हा खर्च करण्याचं काहीच कारण नाही. सड्यावरचे, तुमचा लोकसंख्येचा निकष उद्या बदलला तरी हा डोंगर तिथेच राहणार.

आणखी एक. मध्यमलहर पकडणारा रेडिओ आज दुकानात शोधावा लागतो. फोनमध्ये एफएमची सोय असते, पण अनेक कंपन्या ती बंद ठेवतात. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं फोन कंपन्यांना ती चालू ठेवण्याची सूचना केली, आपत्तीच्या काळाचं कारण देऊन. शिवाय हेडफोनची वायर हीच फोनच्या रेडिओची अँटेना असते. आता बऱ्याच फोनना ते भोकच नसतं.

वेंगुर्ल्याची_मावशी

इथे सगळे पुरुष बोलतायत असं दिसतंय, म्हणून लिहिते.

काजूच्या कारखान्यात बी फोडायला, सोलायला, प्रतवारी करायला बायका सकाळपासून बसतात. हात गुंतलेले, तेलानं माखलेले. त्यांना फोनवर गाणं शोधता येत नाही. खिडकीत रेडिओ लावून ठेवला की काम पुढे सरकतं. आमच्या बाजूला गोव्याची स्टेशनं लागतात आणि तीच वाजतात. निवेदक म्हापशाच्या ट्रॅफिकचं सांगतो, पणजीच्या दुकानातल्या सेलचं सांगतो. आमच्या शिरोड्याचं, रेडीचं, तुळसचं नाव कधी नाही. सड्यावरचे म्हणतात ती मागणी मला म्हणूनच अगदी माझी वाटते.

खाडीपलीकडे भाऊ, राग मानू नका. लोककला टिकली पाहिजे, दशावतार बघायला मी रात्र जागवते. पण दिवसाचे आठ तास एका जागी बसून काम करणाऱ्या बाईनं सिनेमातलं आवडीचं गाणं मागितलं तर ते हलकं आणि भारूड तेवढं भारी, ही वर्गवारी केसकरांच्या वेळचीच आहे. संस्कृती जपायची जबाबदारी आमच्या विरंगुळ्याच्या वेळेवर का टाकता?

आणि शेजारच्या गोव्याकडे बघा. पोर्तुगीज राजवटीविरुद्ध 'गोव्याच्या मुक्तीचा आवाज' हे गुप्त रेडिओ केंद्र १९५५ मध्ये सुरू झालं ते आपल्या आंबोलीच्या रानातून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते पुढे कॅसलरॉकहून डिसेंबर १९६१ पर्यंत चालवलं. शहर नव्हतं, लाख लोकवस्ती नव्हती, दोन माणसं आणि एक ट्रान्समीटर. जंगलातून साम्राज्याशी बोलता आलं, आणि आज आम्हाला गाणी लावायला शहर नाही म्हणून परवाना नाही!

खाडीपलीकडे

मावशी, राग कसला. कारखान्यातल्या बायकांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता हे खरं, आणि गाणं हलकं असं माझं मतही नाही. पण तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते दोघं रानात राहिले कारण त्यांना सांगायचं काहीतरी होतं. लिलावात बोली लावणाऱ्या कंपनीला आपल्याला काय सांगायचंय?

निसर्ग चक्रीवादळ आठवा. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या, विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद. कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. मुंबईतल्या चाकरमान्याला आई-बापांची खबर लागत नव्हती. त्या दिवसांत सेलवर चालणारा रेडिओ आणि पलीकडे आपल्या तालुक्याची नावं माहीत असलेला निवेदक एवढंच लागत होतं. देशभर एकच कार्यक्रम वाजवणारी कंपनी तेव्हा काय वाजवेल? ठरलेली यादी. संगणकाला वादळ कळत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही हीच गत.

हिशेबी

सगळ्यांच्या भावना पोचल्या. जाहिरातीच्या व्यवसायात आहे, म्हणून आकड्यांकडे वळतो.

हिट गाणीच का वाजतात हे समजून घ्या. कॉपीराइट मंडळानं २०१० मध्ये एफएम स्टेशनांनी ध्वनिमुद्रणांसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम द्यावी असं ठरवलं. स्टेशन कमावेल तर देईल असा तो हिशेब होता, त्यामुळे तयार गाणं हा रेडिओचा सगळ्यात स्वस्त माल झाला. याउलट नमनाचं खेळं स्टुडिओत आणायचं तर पंचवीस-तीस माणसांचा प्रवास, जेवण, मानधन. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला जो खर्च होईल त्यात आठवडाभर गाणी वाजतील. खासगी माणूस काय निवडेल?

आणि जाहिराती देणार कोण? कोकणात मोठी दुकानं मोजकी, बांधकामवाले आहेत, आंब्याचे दोन महिने, गणपतीचे पंधरा दिवस. बाकीचं वर्ष कोरडं. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. राज्यात अशी घट मुंबई शहर जिल्हा सोडला तर दुसरीकडे झाली नाही. कमावता, खर्च करणारा माणूस परळ-लालबागमधून विरार-डोंबिवलीला गेला, तो गावच्या एफएमच्या टप्प्यात येत नाही. जिल्हा एकक धरून परवाना फुकट दिला तरी तिसऱ्या वर्षी स्टेशन विकायला निघेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मला ते चालावंसं वाटतं, पण चालणार नाही.

पेटीमास्तर

मी भजनात पेटी वाजवतो. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत आहे की हिट म्हणजे सिनेमाचं आणि लोककला म्हणजे सरकारी आश्रयावर जगणारं. कोकणात असं कधीच नव्हतं.

भजनाच्या डबलबारीला या एकदा. दोन बुवा समोरासमोर, मैदानात पाय ठेवायला जागा नाही, पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला मुंबईत नाट्यगृहं भरतात. कॅसेटच्या काळात जाखडीच्या गाण्यांच्या कॅसेटी गणपतीआधी एसटी स्टँडसमोरच्या टपऱ्यांवर हातोहात जायच्या, आज तीच गाणी यूट्यूबवर लाखोंनी ऐकली जातात. याला हिट नाही तर काय म्हणायचं? सर्वात लोकप्रिय तेच वाजवू म्हणणाऱ्या स्टेशनला कोकणात डबलबारी वाजवावीच लागेल, जर त्यानं खरोखर इथल्या लोकांना विचारलं तर. मुंबईत बसून यादी केली तर ती यादीत येणार नाही.

आकाशवाणीबद्दल मला आदर आहे, पण तिचाही इतिहास सोवळ्यातला आहे हे विसरू नका. १९४० मध्ये रेडिओवर हार्मोनियमला बंदी घातली गेली, का तर म्हणे ती भारतीय संगीताला साजेशी नाही. सत्तरीच्या सुमारास ती सैल व्हायला लागली. कोकणातलं एक तरी भजन पेटीशिवाय उभं राहतं का? तीस वर्षं आमचं वाद्यच बाहेर ठेवलं होतं. रत्नागिरीचं केंद्र त्यानंतर आलं हे आमचं नशीब. त्यामुळे सरकारी केंद्र म्हणजे आपोआप लोकांचं, असंही नाही हो.

बंदररोड

पेटीमास्तर, एक नंबर. डबलबारी लायव लावा, मी बोट बांधून ऐकान.

सड्यावरचा

जुना_तंत्रज्ञ यांचा डोंगराचा मुद्दा आणि हिशेबींचा जाहिरातीचा मुद्दा, दोन्ही एकत्र वाचले तर माझ्या मूळ मागणीतला मोठा खासगी परवाना कोकणात तग धरणार नाही हे दिसतं. पण त्यावरून "म्हणून काहीच नको" इथे पोचायला मी तयार नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. माझ्या वाडीवरून जाणाऱ्या लहरींतही माझा वाटा आहे, आणि तो गेली तीन दशकं पडून आहे.

मग दोन मार्ग राहतात. एक, रत्नागिरीच्या केंद्राला दिवसाचे जास्त तास स्वतःचे मिळावेत, त्यात फर्माइशीची गाणी, डबलबारी, जाखडी भरपूर असावी, आणि दुर्गम खोऱ्यांत छोटे प्रक्षेपक बसावेत. दोन, सामुदायिक रेडिओ. २००६ च्या धोरणानं तो शिक्षणसंस्थांपलीकडे स्वयंसेवी संस्थांसाठीही खुला झाला. १०० वॉटची ताकद, निम्मा कार्यक्रम स्थानिक असण्याची अट, आणि शहर लाखाचं असावं अशी कुठलीही अट नाही. तंत्रज्ञ साहेब, एका खोऱ्याला तेवढी ताकद पुरेल ना?

जुना_तंत्रज्ञ

खोऱ्याच्या तोंडाशी उंच जागा मिळाली तर दहा-बारा किलोमीटर आरामात. सामुदायिक रेडिओच्या मनोऱ्याला साधारण ३० मीटरची मर्यादा आहे, पण आपल्याकडे सडाच शे-दोनशे मीटरचा, तो फुकटचा मनोरा. उपकरणांपेक्षा विजेची काळजी घ्या. जूनमध्ये पहिली वीज कडाडली की ट्रान्समीटर जळतो. अर्थिंगवर पैसे वाचवू नका.

खाडीपलीकडे

सामुदायिक रेडिओला माझा विरोध नाही. पण तो हिट गाण्यांचा रेडिओ होणार नाही हे सड्यावरचे यांनी मान्य करावं. संस्थेचा रेडिओ संस्थेच्या मनासारखा बोलतो. बचत गट, आरोग्य, शासकीय योजना. मावशींच्या काजूच्या खोलीत तो किती वेळ चालेल?

वेंगुर्ल्याची_मावशी

गाणी लावली तर दिवसभर चालेल. नियमात सिनेमाची गाणी लावायला बंदी नाही ना? मग झालं तर. सकाळी आठ ते एक गाणी, मधे बाजारभाव, दुपारी डबलबारी. बाकी योजना संध्याकाळी सांगा, तेव्हा आम्ही घरी असतो.

हिशेबी

मावशींचं वेळापत्रक माझ्या व्यवसायातल्या बऱ्याच लोकांपेक्षा चांगलं आहे. सामुदायिक रेडिओला जाहिराती घेता येतात, २०२४ पासून तासाला १२ मिनिटांपर्यंत. वेंगुर्ला किंवा मालवणसारख्या तालुक्यात दुकानदार, खानावळी, स्कूबावाले, एवढ्यावर दोन माणसांचे पगार निघू शकतील. मोठ्या कंपनीच्या मानानं तो नफा नाहीच, त्यामुळे माझं आधीचं मत कायम. पण हा हिशेब वेगळा आहे.

अर्जदार संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि काम केलेली असावी लागते. इथल्या कोणाच्या ओळखीत भजनी मंडळांचा संघ, मच्छीमार सोसायटी किंवा महिला संस्था आहे का, जिची नोंदणी आणि लेखापरीक्षण दोन्ही जागेवर आहे?

पेटीमास्तर

आमच्या मंडळाची नोंदणी जुनी आहे, पण लेखापरीक्षण मागे पडलंय. खजिनदारांना उद्या विचारून सांगतो.